स्वतः विणलेल्या स्वेटरचं कोपर गेलं. रफू लपवू की दिसू देऊ?

अर्धी_बाही

मंडळी, प्रश्न एका कोपराचा आहे, पण सांगायला वेळ लागेल. घाई असेल त्यांनी थेट शेवटचा परिच्छेद वाचावा.

चार वर्षांपूर्वी मी एक स्वेटर विणला. पुढून उघडा, पाच बटणांचा, करडा. त्याआधी फक्त मफलर विणायचे, म्हणजे सरळ जात राहायचं आणि कंटाळा आला की थांबायचं. स्वेटरला चौदा महिने लागले. त्यातले तीन महिने तो नुसता पिशवीत पडून होता, कारण डाव्या बाहीवर उजवीपेक्षा सहा टाके जास्त निघाले आणि मला ते कबूल करायचं नव्हतं. शेवटी एका रविवारी मनगटापासून कोपरापर्यंत उसवली आणि पुन्हा विणली. पाठीवर एके ठिकाणी सुलट्याच्या जागी उलटा टाका पडलाय, तो तसाच आहे. मला दिसत नाही, मागे बसणाऱ्याला दिसतो. खिशांचाही अंदाज चुकलाय. डावा खिसा इतका खोल झालाय की हात मनगटापर्यंत आत जातो आणि किल्ली शोधायला तळ गाठावा लागतो.

तर हा स्वेटर मी जवळजवळ रोज घालते. ऑफिसात एसीचा झोत बरोबर माझ्या खुर्चीवर येतो, हे एक कारण. दुसरं म्हणजे कपड्यांच्या बाबतीत मी एकदाच काय ते ठरवून मोकळी झालेली बाई आहे. गडद पँट, साधा सुती शर्ट, वर करडा स्वेटर. सकाळी कपाटासमोर उभं राहून विचार करायचा नाही. लोक मला लांबून स्वेटरवरून ओळखतात आणि मला ते आवडतं. शिवाय चौथं बटण. त्याच्या काजाला मी एक टाका कमी धरला होता, त्यामुळे ते घट्ट आहे. बटण अंगठ्याने ढकलायचं, मग जरा तिरकं करून आत सरकवायचं. दाराला कुलूप लावलं की जिना उतरताना मी ते लावते. बाकीची चार कशीही लागतात, कधी लागतही नाहीत. चौथं आत गेलं की दिवसाला हात घातला असं वाटतं.

आता उजवं कोपर गेलंय. फोनवर समोरच्याचं ऐकून घेताना मी कोपर टेबलाच्या कडेवर टेकवते, आणि माझ्या कामात ऐकून घेणंच जास्त आहे. अंगठ्याच्या नखाएवढं भोक आहे. त्याच्याभोवती अर्ध्या तळव्याएवढा भाग इतका विरलाय की आतल्या शर्टाचा रंग दिसतो. डावं कोपर अजून धड आहे, पण उजेडासमोर धरलं तर त्याचंही काही खरं नाही.

उरलेल्या लोकरीची मी तेव्हाच टोपी विणून देऊन टाकली. त्याच कंपनीची, त्याच नावाच्या रंगाची नवी गुंडी आणली. दुकानात दिव्याखाली धरली तर अगदी तीच. घरी खिडकीत धरली तर निळसर! मग कपाटात विटकरी रंगाची बारीक लोकर सापडली, ती करड्यावर ठेवून पाहिली आणि खरं सांगायचं तर छान दिसली.

पण मला विणकाम शिकवलं आत्याने, आणि आत्याचं म्हणणं असं की रफू दिसला तर तो रफू नाही, ते ठिगळ. ती ७४ वर्षांची आहे आणि तिने रफू केलेली जागा मला आजवर सापडलेली नाही. तिला हे काम दिलं तर ती करेल, पण माझा स्वेटर आहे, माझं कोपर आहे, मला स्वतः करायचंय.

तर विचारायचं हे: असा रफू टिकेल असा कसा करतात? आणि विटकरी रंगात केला तर ऑफिसात तो मुद्दाम केलेला वाटेल की बाईकडे दुसरा स्वेटर नाही असं वाटेल?

नेढं_मोठं

रंगाचं आधी सांगतो, कारण त्यात तुमची चूक नाही. लोकर लॉटमध्ये रंगवतात आणि गुंडीच्या कागदावर लॉटचा आकडा असतो. रंगाचं नाव तेच असलं तरी लॉट बदलला की छटा हलते. चार वर्षांनी तोच लॉट मिळणं अवघड. वर तुमचा स्वेटर धुऊन-वापरून थोडा उतरलाही असणार. आणि दिव्याखाली जुळलेले दोन रंग दिवसाच्या उजेडात फारकत घेतात, कारण दोन्हींतली रंगद्रव्यं वेगळी असली तर प्रत्येक प्रकाशात ती वेगळी वागतात. लोकर जुळवायची ती दिवसा, खिडकीपाशी.

आता काम. तुमच्या कोपरावर दोन वेगवेगळे आजार आहेत आणि लोक दोन्हींना एकच औषध देतात.

विरलेल्या भागात टाके अजून जिवंत आहेत, फक्त बारीक झालेत. तिथे टाक्यावर टाका घाला. सुलट्या बाजूने पाहिलंत की प्रत्येक टाका व्हीसारखा दिसतो. सुई व्हीच्या खालच्या टोकातून वर काढा, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून आडवी न्या, परत खालच्या टोकात घाला. जुन्या टाक्याच्या अंगावर नवा टाका बसतो, कापड ताणलं जातं तसा तोही ताणला जातो. हे आधी करा, म्हणजे भोकाच्या कडेला धरायला काहीतरी भक्कम मिळेल.

भोकात टाकेच नाहीत, तिथे कापड नव्याने विणावं लागेल. आत गोल काहीतरी घाला, टेनिसचा चेंडू चालेल. सपाट टेबलावर करू नका. कोपर वाकतं, सपाटावर केलेला रफू वाकल्यावर ओढ देतो. सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची, म्हणजे लोकर चिरत नाही. भोकाच्या बाहेर चांगल्या कापडात निदान दीड सेंटीमीटरपासून सुरुवात करा. आधी सगळे उभे धागे, जवळजवळ. मग आडवे, एकाच्या वरून एकाच्या खालून, पुढच्या ओळीत उलट. कडेची सुटलेली लोकर कापू नका, ती आत दाबून घ्या. गाठ मारू नका, कोपराखाली गाठ दिवसभर टोचते. टोकं आतल्या बाजूने चार-पाच टाक्यांतून फिरवून सोडा.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. प्रत्येक ओळ वळताना धागा ओढून घेऊ नका, वळणावर बारीकसा फास मोकळा सोडा. नवी लोकर धुतल्यावर आटते. फास असला की त्यातून घेते, नसला की आजूबाजूचं कापड गोळा करते.

लोकर स्वेटरच्या लोकरीपेक्षा किंचित बारीक हवी, जाड नको. मोजे विणायची लोकर मिळाली तर उत्तम. तिच्यात साधारण ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असतं, घासायला तीच टिकते. तुमची विटकरी कसली आहे?

दुपारची_झोप

चामड्याचे दोन बदाम आणा, दोन्ही कोपरांवर शिवा, विषय संपवा. प्राध्यापक दिसाल.

अर्धी_बाही

@दुपारची_झोप, बदामाचा विचार केला होता. पण माझी वीण सैल आहे, तिच्यावर कडक चामडं शिवलं तर ते बाही खाली ओढणार आणि चामड्याच्या कडेला पुढचं भोक पडणार. प्राध्यापक दिसायला माझी हरकत नाही.

@नेढं_मोठं, कागद सापडला. ७५-२५च आहे. मोजे विणायला आणली होती, एक मोजा झाला होता.

कपाट_थंड

सुई हातात घेण्याआधी एक खात्री करा: हे घासून गेलंय की कसर लागलीय? घासून गेलेलं असेल तर भोकाभोवती कापड हळूहळू विरत गेलेलं दिसतं. तुमचं वर्णन तसंच आहे. कसरीचं भोक धडधाकट कापडात अचानक असतं, आणि टेबलाशी ज्याचा संबंध नाही अशा जागी. कॉलरखाली, काखेत, शिवणीच्या आत बघा. खातात त्या अळ्या, पतंग नाही. कपड्यांच्या कसरीचा पतंग मोठा झाल्यावर काही खातच नाही, त्यामुळे उडणारा मारला म्हणून निश्चिंत होऊ नका. घामाचे, अंगाच्या तेलाचे डाग असलेली लोकर अळ्यांना विशेष आवडते. रोज घातलेला स्वेटर न धुता कपाटात ठेवणं म्हणजे त्यांना ताट वाढून देणं.

शंका आली तर धुऊन, पूर्ण वाळवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे. माझ्या घरचे आता विचारतही नाहीत.

धुताना गरम पाणी नको, चोळणं तर अजिबात नको. लोकरीच्या तंतूंवर खवले असतात. उष्णता, ओल आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर बाहुलीच्या मापाचा होतो. तो परत मोठा होत नाही, मी सगळं करून पाहिलंय.

कडेकडेने

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून मी.

सगळ्यात वाईट दिसतो तो जवळपास जुळलेला रंग. करड्यावर निळसर करडा. बघणाऱ्याला वाटतं की लपवायचा होता, जमला नाही. एकतर तुमच्या आत्यांसारखा न सापडणारा करा, नाहीतर सरळ विटकरी. मध्ये थांबू नका.

विटकरी करणार असाल तर आकार नीट ठेवा. भोकाच्या आकाराप्रमाणे वेडावाकडा केला तर जखम दिसते. चौकोन किंवा लंबगोल ठरवा, विरलेला भाग सगळा त्यात घ्या, कडा सरळ ठेवा. आणि तो रंग अंगावर आणखी एका ठिकाणी, अगदी थोडा, आणा. एकदा आलेला रंग अपघात वाटतो, दोनदा आला की ठरवलेलं वाटतं. मी असते तर तुमच्या त्या लाडक्या चौथ्या बटणाच्या काजाला विटकरी कड दिली असती.

डागडुजी दिसणं ही काही आजची टूम नाही. जपानमध्ये निळीत रंगवलेल्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालून कापड जाड आणि टिकाऊ करायचे, त्याला साशिको म्हणतात. मुळात ती गरिबाची युक्ती, आज लोक तिच्यासाठी वर्ग लावतात. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ ला कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी मोठ्या माणसाला ६६ कुपनं, आणि विणायच्या लोकरीलाही कुपन लागायचं. मग जुने स्वेटर उसवून त्याच लोकरीचे नवे विणायचे, लोकर कमी पडली की दुसऱ्या रंगाचा पट्टा. तसे पट्टे घालून लोक कामावर जातच होते. तुमच्या ऑफिसचं काय घेऊन बसलात?

नेढं_मोठं

काजाला कड देताना जपून. आधीच घट्ट आहे म्हणताय.

अर्धी_बाही

(अकरा दिवसांनी)

आधी कबुली. @नेढं_मोठं यांनी सांगूनही मी काजापासूनच सुरुवात केली, कारण ते छोटं काम होतं आणि कोपराची भीती वाटत होती. सुंदर विटकरी कड बसली. बटण आत जाईना. दुसऱ्या दिवशी जिन्यात उभी राहून तीन मिनिटं ढकलत होते, वरच्या मजल्यावरचे काका "काही मदत हवी का" विचारून गेले. संध्याकाळी कड उसवली. आता चौथं बटणच विटकरी दोऱ्याने शिवलंय. शिवताना बटण आणि कापड यांच्यामध्ये आगपेटीची काडी ठेवली, मग काडी काढून खालच्या दोऱ्याला वेढे दिले, म्हणजे बटण जरा उंच राहतं. काजातून जाताना तेवढी उंची उपयोगी पडते. अंगठ्याचा धक्का अजून लागतो, तो मला हवाच होता.

कसर नाही. कॉलरखाली, काखेत, सगळीकडे पाहिलं. शिवणीत एक पेन्सिलीचं टोक मिळालं.

कोपर रोज संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटं, खिडकीत, उजेड असेपर्यंत. दिव्याखाली करायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे अंधार पडला की थांबावंच लागायचं, आणि मी स्वतःहून थांबणारी नाही. टाक्यावर टाका घालायला चार संध्याकाळी गेल्या. पहिल्या संध्याकाळी सुई कुठल्या पायामागून न्यायची ते दर टाक्याला बघावं लागत होतं. तिसऱ्या दिवशी हात आपोआप जायला लागला आणि मग ऑफिसमधलं एक ईमेल, जे तीन दिवस लिहिता येत नव्हतं, ते डोक्यात आपसूक लिहून झालं.

भोकाचा पहिला रफू फसला. सुबक दिसावा म्हणून प्रत्येक वळणावर धागा ओढून घेतला. चेंडूवर असताना झकास, चेंडू काढल्यावर मध्यभागी चुणी, जणू कोपराने तोंड वाकडं केलंय. फास सोडायचं का सांगितलं होतं ते धुण्याआधीच कळलं. पुन्हा उसवलं.

दुसऱ्यांदा हळू केलं. उभे धागे सव्वीस घातले. आडव्याला सुरुवात झाली की पहिल्या पाच-सहा ओळी काहीच दिसत नाही, जाळ्यात सुई फिरवतोय एवढंच. एकाच्या वरून, एकाच्या खालून. सातव्या-आठव्या ओळीला सुईच्या टोकाने धागे खाली दाबले आणि एकदम कापड झालं. मघाशी तिथे चेंडूचा पिवळा रंग दिसत होता, तो गेला. मी ते दोन-तीनदा बोटाने चाचपून पाहिलं. शेवटच्या ओळींना जागाच उरत नाही, सुई आडवी धरून कशीबशी ढकलावी लागते, एकदा नखाखाली गेली.

लंबगोल झालाय. एका बाजूला जरा चपटा. ऑफिसात पहिल्या दिवशी दोघींनी "नवीन डिझाइन का" विचारलं, एकाने "कोपराला काय लागलं" विचारलं. बाकीच्यांनी पाहिलंच नाही, आणि मला त्याचं थोडं वाईट वाटलं.

मग आत्याकडे गेले. मुद्दाम बाही न दुमडता. तिने काही न बोलता हाताने खूण केली, काढ. मी काढला. तिने उजव्या बाहीची सुलटी बाजू पाहिलीच नाही. बाही उलटी केली, चष्मा वर सरकवला आणि आतून टोकं कुठे सोडलीयत त्यावर बोट फिरवलं. बराच वेळ. "आतून बरा आहे," म्हणाली. तिच्याकडून "बरा" मला शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच मिळालं. मग डावं कोपर खिडकीकडे धरून पाहिलं आणि "हा राहू दे दोन दिवस इथे" म्हणाली. मी नको म्हणायच्या आत स्वेटर तिच्या पिशवीत.

काल परत आणला. डावं कोपर भक्कम आहे. उजेडासमोर धरलं तरी शर्ट दिसत नाही. रंग तोच, अगदी तोच. खिडकीत, दिव्याखाली, बाहेर उन्हात, सगळीकडे तोच. आधी वाटलं मलाच भास होतोय की ते विरलं होतं. आतून पाहिलं, तिथेही नवा धागा कुठला ते कळेना. विचारलं लोकर कुठून आणली, तर हसली. जिना उतरताना खिशात हात घातला तेव्हा कळलं. डाव्या खिशाची आतली पिशवी तिने खालून चार बोटं उसवली होती. ती लोकर भिजवून, वाळवून सरळ केली आणि कोपरात घातली, खिसा खाली नव्याने बंद केला. तोच लॉट, चार वर्षं माझ्याबरोबरच धुतलेला. इथे कुणाला हे सुचलं नाही, मलाही नाही.

उजवंही तसंच करून देऊ का, उजव्या खिशात अजून आहे लोकर, असं फोनवर विचारत होती. नको म्हटलं. ती "बरं" म्हणाली, पण विषय संपल्यासारखं नाही.

किल्ली आता चटकन हाताला लागते.